'संतपदाच्या शुभेच्छा' देणाऱ्या कमेंटला उत्तर

नमस्कार,

तुमची कमेंट परवा रात्री वाचली. उत्तर द्यायला दोन दिवस लागले कारण पहिल्यांदा जे लिहिलं होतं ते तसंच टाकलं असतं तर माझाच मागचा लेख माझ्याच तोंडावर आपटला असता. सुरुवातच 'अहो साहेब, आधी लेख नीट वाचा' अशी होती, आणि त्यातलं 'साहेब' काही आदराने आलेलं नव्हतं. खोडलं.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की ऑनलाइन कोणी अंगावर आलं तर लगेच उलट सुनावू नका, समोरच्याचं ऐका, एखादा प्रश्न विचारा, बोलणं चालू ठेवा, ब्लॉक हा शेवटचा पर्याय. त्यावर यांचं म्हणणं असं की ज्यांना कधी खऱ्या शिव्या पडल्या नाहीत त्यांचं हे शहाणपण आहे, शिवी एकाने द्यायची आणि समजूतदारपणा दुसऱ्याने दाखवायचा हा कुठला न्याय, ट्रोलला समजून घेत बसलं की तो शेफारतो, 'अभ्यास सांगतात' म्हणून लोक जे फेकतात ते निम्मे बनावट निघतात, 'माझ्या बहिणीने सहा महिने झेललंय, तिला जाऊन सांगा हे', आणि शेवटी 'बाकी चालू द्या, संतपदाच्या शुभेच्छा'.

आधी त्या शुभेच्छांबद्दलच बोलते कारण मी अडकले तिथेच. पहिल्या वाचनात मला त्यात निव्वळ कुत्सितपणा दिसला. दुसऱ्यांदा वाचताना वाटलं की दमलेल्या माणसाचं बोलणं आहे हे, वैतागून हात झटकल्यासारखं. खरं काय ते तुम्हालाच माहीत. २००५ साली क्रुगर आणि एप्ली वगैरे मानसशास्त्रज्ञ मंडळींनी नेमकं हेच तपासलं होतं. काही वाक्यं उपरोधाने आणि काही सरळ अर्थाने लिहून दुसऱ्याला ईमेलने पाठवायची आणि त्याने ओळखायचं की यातलं कुठलं कसं आहे. लिहिणाऱ्यांना वाटत होतं की समोरच्याला साधारण ७८ टक्के वेळा बरोबर कळेल, प्रत्यक्षात कळलं ५६ टक्के वेळा, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा जरासंच बरं. तीच गोष्ट आवाजात सांगितली तर ७३ टक्के. तेव्हा तुमचा टोन मला बरोबर कळला असा माझा दावा नाही, आणि माझा तुम्हाला कळतोय असंही मी धरून चाललेले नाही. म्हणून या उत्तरात एकही टोमणा नाहीये. वाटला तर तो तसा नाही असं समजा प्लीज.

आता बनावट अभ्यासांचं. इथे तुम्ही हवेत बोलत नाही आहात. २०१४ च्या डिसेंबरमध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक पेपर आला होता की दारोदार जाऊन लोकांशी वीस-बावीस मिनिटं मोकळेपणी बोललं तर समलिंगी विवाहाबद्दलचं त्यांचं मत बदलतं आणि बदललेलं टिकतं. जगभर गाजला. २०१५ च्या मे महिन्यात तो मागे घ्यावा लागला कारण आकडेवारीच खोटी निघाली. पण पुढची गोष्ट फार कमी लोक सांगतात. हा घोटाळा बाहेर काढणाऱ्यांपैकी ब्रूकमन आणि काला या दोघांनी मग स्वतः मायामीत तसाच प्रयोग केला, या वेळी ट्रान्सजेंडर व्यक्तींबद्दलच्या पूर्वग्रहावर, ५०१ मतदारांच्या घरी जाऊन, साधारण दहा मिनिटांचं बोलणं, आणि परिणाम दिसला, तोही निदान तीन महिने टिकलेला. २०१६ साली 'सायन्स'मध्येच छापून आला. म्हणजे ज्यांनी खोटं पकडलं त्यांनाच त्यातली मूळ कल्पना खरी असल्याचं आढळलं. मला ही गोष्ट भयंकर आवडते. अर्थात ते दारात उभं राहून, चेहऱ्यासमोर चेहरा ठेवून केलेलं बोलणं होतं, फोनच्या स्क्रीनवरचं नाही, म्हणून फक्त त्याच्या जोरावर मी तुमच्याशी वाद घालणार नाही.

स्क्रीनवरचं पाहायचं तर २०२१ चा हँगार्टनर आणि सहकाऱ्यांचा प्रयोग आहे. मागच्या लेखात मी त्याचा ओझरता उल्लेख केला होता आणि खरं सांगायचं तर चुकीचा केला होता. तुमच्या कमेंटमुळे परत काढून वाचला. ट्विटरवर वंशद्वेषी, परक्यांबद्दल द्वेष पसरवणारं लिहिणारे १३५० लोक घेतले. काहींना विनोदी रिप्लाय दिला, काहींना 'हे तुमच्या ओळखीचे लोकही वाचतायत बरं' अशा धर्तीची समज दिली, काहींना एम्पथीचा, म्हणजे सहवेदनेचा, रिप्लाय दिला आणि काहींना काहीच नाही. विनोदाने आणि समज देण्याने धड काही झालं नाही. एम्पथीवाल्या गटात लोकांनी जुनी ट्वीट्स काही प्रमाणात डिलीट केली आणि पुढच्या चार आठवड्यांत तसं लिहिणं थोडं कमी झालं. थोडं. फार मोठा फरक नाही, तो छोटाच आहे हे ते लोकही सांगतात.

पण मी जे घोळून ठेवलं होतं ते वेगळंच. त्या प्रयोगातली एम्पथी शिवी देणाऱ्यासाठी नव्हतीच! रिप्लायमध्ये 'तुम्ही का चिडलात मी समजू शकते हो' वगैरे काही नव्हतं. होतं ते एवढंच की असली भाषा वाचून अमुक लोकांना खरंच लागतं. म्हणजे ज्याच्यावर चिखल उडाला त्याचं दुखणं समोर ठेवायचं, चिखल उडवणाऱ्याची पाठ थोपटायची नाही. आणि दुसरी गोष्ट, रिप्लाय देणारा होता तिसराच कुणीतरी, ज्याला शिवी पडली तो नव्हे.

मग तुमचा 'हा कुठला न्याय' हा प्रश्न बरोबरच आहे की. मी लेखात सगळा भार ज्याला मार बसला त्याच्याच डोक्यावर टाकला होता आणि वर त्याला मोठेपणा म्हटलं होतं. हे काम बाजूला उभं राहून स्क्रोल करणाऱ्यांचं आहे, जे वाचतात, मनात हळहळतात आणि पुढे जातात. त्यात मीही येते. एखादीवर पन्नास जण तुटून पडलेत आणि मी तिला इनबॉक्समध्ये 'काळजी घे गं' असा मेसेज टाकून मोकळी झालेय, असं एकदा नाही तीनचारदा झालंय. तिथे उघडपणे एक ओळ लिहायला मला काय झालं होतं? भीती, दुसरं काय. आपल्यावर घसरतील म्हणून.

निंदकाचं घर असावं शेजारी असं आपल्याकडे म्हणतात, पण एकच घर म्हणतात, अख्खी वसाहत नाही.

हे सगळं मान्य केल्यावरही मी मूळ मुद्दा पूर्ण सोडत नाहीये. त्याचं कारण पुस्तकी नाही. मी स्वतः दुसऱ्या बाजूला उभी राहिलेय.

बाबा आजारी होते तेव्हाची गोष्ट. रात्रीचे अडीच, त्यांच्या बेडशेजारी स्टूलवर बसून फोन चाळत होते आणि एका बाईंचा लेख समोर आला की वडिलांना त्यांनी केअर सेंटरमध्ये ठेवलं आणि त्यांना त्याचा अपराधी वगैरे वाटत नाही. माझं डोकंच फिरलं. खाली लिहिलं, 'तुमच्यासारख्यांना मुलं होऊच नयेत, म्हणजे निदान तुमच्यावर ही वेळ यायची नाही. माणूसकी नावाची गोष्ट असते.' शुद्धलेखनासकट चुकलेलं. (सकाळी पहिली लाज कशाची वाटली असेल तर त्या 'माणूसकी'तल्या दीर्घ णू ची. माणूस किती विचित्र असतो बघा.) त्यांना मी ओळखतही नव्हते, त्यांनी माझं काही वाकडं केलं नव्हतं. उचललं बोट लावलं कीबोर्डला.

त्यांचं उत्तर सकाळी आलं होतं. 'हे वाचून लागलं मला. पण तुमच्या लिहिण्यावरून वाटतंय की तुम्ही सध्या कुणाचं तरी करताय आणि खूप दमलाय. खरं आहे का?' बस. अजून एक शब्द नाही. त्यात त्यांनी स्वतःचं लागणं झाकलं नाही, आधी तेच सांगितलं. मला माफ वगैरे काही केलं नाही. आणि एक प्रश्न विचारला ज्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढंच होतं, म्हणजे द्यायला सोपं. मी दिवसभर काही लिहू शकले नाही. दुसऱ्या दिवशी कमेंट डिलीट केली आणि त्यांना सॉरी लिहिलं. त्यांनी लाइक केलं. पुढे आमची मैत्री झाली, आम्ही फोनवर बोलतो, असलं काही नाही, संपलं तिथेच.

त्या जर 'आधी स्वतःकडे बघ' म्हणाल्या असत्या तर मी अजून दोन तास भांडले असते याची मला खात्री आहे. वेळही होता, रात्रभर जागीच असायचे.

पुढे कळलं की यात मी काही खास नाही. स्टॅनफर्ड आणि कॉर्नेलच्या संशोधकांचा २०१७ चा एक पेपर आहे. लोकांना आधी सोपे किंवा मुद्दाम अवघड प्रश्न देऊन मूड बरा नाहीतर खराब करायचा आणि मग एका लेखाखाली कमेंट लिहायला लावायची. मूड बरा आणि आधीच्या कमेंट्स सभ्य असतील तर साधारण ३५ टक्के लोकांनी ट्रोलसारखं लिहिलं, मूड गेलेला आणि आधीच्या कमेंट्सही घाणेरड्या असतील तर ६८ टक्के. तीच सर्वसाधारण माणसं. रात्री उशिरा हे वाढतं असंही त्यांना दिसलं. माझे अडीच वाजले होते ते सांगितलंच.

पण सगळेच असे रात्रीचे दमलेले नसतात हेही खरं. काहींना यातच मजा येते, काही ठरवून टोळीने येतात. तिथे प्रश्न विचारणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, आणि तुम्ही म्हणता तसे ते शेफारतातही. कोणी धमकी देत असेल, पत्ता-नंबर पसरवत असेल, फोटो फिरवत असेल तर संवाद-बिंवाद काही नाही, स्क्रीनशॉट, रिपोर्ट, ब्लॉक, आणि गरज असेल तर पोलीस, याच क्रमाने, कारण ब्लॉक केल्यावर बऱ्याचदा पुरावा हाताला लागत नाही. 'ब्लॉक हा शेवटचा पर्याय' हे माझं वाक्य चुकीचं होतं. कोणी पहिल्या मिनिटाला ब्लॉक केलं तरी त्यात कसलाच कमीपणा नाही.

मला ओळखायला एक गोष्ट उपयोगी पडते, अचूक नाही, पण पडते. समोरचा माझ्या एखाद्या वाक्यावर चिडलाय की माझ्या असण्यावर? वाक्यावर चिडला असेल तर मी एकदा विचारते, नेमकं कुठलं. उत्तर आलं तर बोलते. त्यावरही शिवीच आली तर निघते. एकदाच, दोनदा नाही.

मेगन फेल्प्स-रोपर हे नाव तुम्ही कदाचित ऐकलं असेल. अमेरिकेतल्या वेस्टबोरो बाप्टिस्ट चर्चमध्ये वाढलेली, ते चर्च तिच्या आजोबांचंच. लोकांच्या अंत्ययात्रांबाहेर द्वेषाचे फलक घेऊन उभे राहणारे लोक हे. ती त्यांचं ट्विटर चालवायची. काही जण तिच्याशी शिव्या न देता वाद घालत राहिले, त्यातला एक ज्यू ब्लॉगर होता, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध ती लिहायची त्यांच्यातलाच. त्याने तिचे लाड केले नाहीत. तिच्याच बायबलमधल्या वचनांशी तिचे फलक कसे जुळत नाहीत ते तो दाखवत गेला. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये ती चर्च सोडून बाहेर पडली. पण याला काही वर्षं लागली, आणि त्या माणसाने ते स्वतःहून अंगावर घेतलं होतं. कोणी त्याला 'तू समजून घे' असं सांगितलेलं नव्हतं. आधी मी हे उदाहरण द्यायचे तेव्हा हा शेवटचा भाग गाळायचे.

आता तुमच्या बहिणीबद्दल. पहिल्या वाचनात ते वाक्य माझ्या नजरेतून सुटलं, मी 'संतपद' वाचून चिडण्यात बिझी होते. सहा महिने. त्या काळात तिच्याशी कोण काय बोललं, कोणी उघड काही लिहिलं का, आणि तिला त्यातलं काय हवं होतं, हे तुम्हाला आणि मुख्य म्हणजे तिला सांगावंसं वाटलं तर मला ऐकायचंय. इथे नको असेल तर मेल करा. नसेलच सांगायचं तरी हरकत नाही.

मूळ लेखातलं ब्लॉकचं वाक्य मी गुपचूप उडवलेलं नाही, रेघ मारून तसंच ठेवलंय आणि खाली लिहिलंय की एका वाचकाच्या आक्षेपामुळे मत बदललं. तुमचं नाव घातलेलं नाही. घालायचं असेल तर कळवा.