मेलेल्या रोपांचा हिशेब

भाऊ, प्रतिक्रियेखाली नाव लिहिलं नाहीत म्हणून भाऊच म्हणतो. वृक्षलागवड करणाऱ्या गटांनी आपापल्या नोंदी, मेलेल्या रोपांसकट, सगळ्यांसाठी खुल्या कराव्यात असं मी मागच्या लेखात लिहिलं आणि तुम्ही मला चांगलंच झापलंत. हौशी लोकांचे आकडे चुकीचे असतात, दुर्मीळ वनस्पतींचे पत्ते उघड झाले की मुळ्या खणणारे आधी पोचतात, आणि ‘वह्या भरून जंगल उगवत नाही, खड्डे खणावे लागतात’ हे तुमचं वाक्य तर घरी सगळ्यांना वाचून दाखवलं.

पत्त्यांचं बिनशर्त मान्य. सफेद मुसळी कुठल्या उतारावर उरली आहे किंवा घुबडाची ढोली कुठे आहे, हे मीही लिहिणार नाही. गावातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेल्या औषधांचंही तेच. २००२ च्या जैवविविधता कायद्याने लोकजैवविविधता नोंदवह्या (गावातली झाडं, प्राणी आणि त्यांबद्दलची माहिती टिपायच्या वह्या) आल्या, पण त्यातलं काय बाहेर जाऊ द्यायचं हे गावानं ठरवावं. लेखात हे यायला हवं होतं, राहिलं.

पण मी मागत होतो मेलेल्या मोहाची नोंद. ती कोण चोरणार?

नागपूरच्या काटोल रोडकडच्या एका मुरमाड टेकडीवर आम्ही मोहाची रोपं लावली होती. दिवाळीपर्यंत टवटवीत. होळी झाली आणि एकेकानं मान टाकायला सुरुवात केली. डबे डोक्यावर घेऊन पाणी घातलं, उपयोग शून्य. मे महिन्यात एक वाळलेलं रोप धरून ओढलं तर सहज हातात आलं. पिशवी बुडाशी नुसती चिरलेली, तशीच खड्ड्यात गेलेली. आत सोटमूळ चकलीसारखं वेटोळं घालून बसलेलं. नर्सरीत ते पिशवीतच थोराड झालं होतं. खाली ओलीकडे जायचं ते विसरूनच गेलं.

पुढे चहाच्या टपरीवर कळलं की जवळच्याच दुसऱ्या गटाचं आदल्या वर्षी हेच झालं होतं. त्यांनी मग रोपांचा नाद सोडला आणि टोळ, म्हणजे मोहाची फळं, पडल्या पडल्या वेचून त्यांतलं बी थेट जमिनीत टोचलं, कारण मोहाचं बी फार दिवस टिकत नाही. त्यांचं जमलं. सांगितलं कुणालाच नाही. देणगीदाराच्या अहवालात हिरवेच फोटो लागतात ना! त्यांनी एक ओळ लिहून ठेवली असती, तर आमचा अख्खा उन्हाळा वाचला असता.

आता चुकीच्या आकड्यांचं. ३० मे २०२४ आठवतो? नागपूर ५६ अंश! फोनवर दिवसभर तेच. शहरातल्या चार स्वयंचलित केंद्रांपैकी एकानं ५६ दाखवले, एकानं ५४, आणि उरलेली दोन ४४ वर होती. हवामान खात्यानं तपासलं, सेन्सरचा दोष निघाला. चूक पकडता आली ती शेजारच्या केंद्रांचे आकडे समोर होते म्हणून. एकच केंद्र असतं तर आपण ५६ वर शपथा खाल्ल्या असत्या. माझंही तसंच झालं. कित्येक महिने मी शेड्या गवताला पवन्या, म्हणजे दुसरंच गवत, लिहीत होतो, फोटो ग्रुपवर टाकला तेव्हा एका निवृत्त मास्तरांनी कान धरला. वही कपाटात असती तर अजूनही पवन्याच असता. म्हणून नोंदीबरोबर फोटो, तारीख आणि मोजणाऱ्याचं नाव हवंच, एवढी तुमची शंका मी पदरात घेतो.

आणि खड्डे. बाप्पा, खड्डे आपण कमी खणले का? राज्य सरकारचं २०१९ चं ३३ कोटी झाडांचं उद्दिष्ट शाळकरी पोरांनाही पाठ होतं. त्यातल्या आपल्या भागातल्या रोपांचं तिसऱ्या उन्हाळ्यात काय झालं, हे विचारा कुणाला. देशाच्या मृदा सर्वेक्षण संस्थेचं मुख्यालय आपल्याच अमरावती रोडवर आहे, तरी काळ्या मातीत आणि मुरमात आपण एकाच मापाचा खड्डा घेतो. (गवताळ टेकडी ही रिकामी जागा नसते, हे वेगळंच दुखणं. त्यावर पुन्हा कधीतरी.)

आमची वही या रविवारी इथे टाकतोय. रकाने मोजके: झाड कोणतं, बी कुठलं, जमीन कशी, लावलं कधी, मेलं कधी आणि उपटून पाहिल्यावर काय दिसलं. शेवटचा रकाना भरायला जिवावर येतं, पण भरलाय.

तुमच्याच प्रतिक्रियेत खाली एक वाक्य आहे, जाता जाता टाकलेलं: ‘आमच्याकडे धावडा मस्त लागला.’ भाऊ, धावड्याच्या बहुतेक बिया पोकळ निघतात. आम्ही गोणीभर गोळा केल्या आणि दोन वाफ्यांत मिळून चार-पाचच कोंब आले. तुम्ही बी कोणत्या महिन्यात आणि कुठल्या झाडाखालून घेतलंत?