मालकाचं उत्तर: ‘३८ सीडींना अकरा दिवस’ या रिव्ह्यूबद्दल

नमस्कार काका,

३८ सीडींमधली गाणी पेनड्राइव्हवर काढून देण्याच्या कामाबद्दलचा तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद करताना वाचला. तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. अभंगाच्या एका सीडीला भलत्याच इंग्रजी बँडचं नाव लागून गेलं, ही चूक सरळसरळ माझी. गाण्यांची नावं कव्हरवर छापलेली असली तरी बहुतेक सीडींच्या आत नोंदलेली नसतातच. गाणी किती आणि कुठलं किती लांबीचं, एवढ्यावरून कॉम्प्युटर इंटरनेटवरच्या यादीत जुळणी शोधतो आणि कधी कधी दुसऱ्याच सीडीशी गाठ मारून मोकळा होतो. पेनड्राइव्ह तुमच्या हातात देण्याआधी मी ते बघायला हवं होतं. राहून गेलं.

पण तुम्ही पुढे लिहिलंय, “दहा मिनिटांचं काम. पुतण्याने घरी लॅपटॉपवर एक सीडी दहा मिनिटांत करून दाखवली. यांनी अकरा दिवस लावले आणि पैसे उकळले.” काका, हे फार लागलं. वडिलांच्या वेळेपासून, कॅसेट भरून देत होतो तेव्हापासून मिरजेत हे दुकान आहे. या गावात सतार बनवणारे राहतात, दर्ग्यात गाणं ऐकायला लांबून माणसं येतात. इथे आवाजाच्या बाबतीत कुणाला फसवून चार दिवससुद्धा दुकान चालणार नाही. आणि पैसे दिवसावर घेत नाही, सीडीवर घेतो. एका सीडीचे ६० रुपये, ३८ सीडींचे २,२८०. एका दिवसात दिल्या असत्या तरी तेवढेच झाले असते.

आता त्या दहा मिनिटांबद्दल. पुतण्याने केलेली फाइल तुम्हीच मला व्हॉट्सॲपवर पाठवलीत. ती मैफलीच्या सीडीतली, आमच्या वहीतली सतरा नंबरची. हेडफोन लावून चौथा ट्रॅक ऐका, २ मिनिटं ३१ सेकंदांवर. षड्जावर आवाज ठेवलाय आणि मधेच ‘टक्’ होतं. मग आमच्या पेनड्राइव्हवरची तीच जागा ऐका. तो ‘टक्’ काढायला पूर्ण एक दुपार गेली.

कारण सांगतो. फोटो किंवा कागदपत्रांच्या सीडीवर चूक दुरुस्त करण्यासाठी जादा माहिती लिहिलेली असते. त्यातूनही एक अक्षर जरी वाचता आलं नाही तरी कॉम्प्युटर अडतो, एरर देतो. गाण्याच्या सीडीवर ही जादा सोय नसते. एका सेकंदाचे ७५ तुकडे असतात, प्रत्येक तुकडा २,३५२ बाइटचा, आणि तो सगळा आवाजानेच भरलेला. सीडीवर आवाज गोल-गोल फिरत जाणाऱ्या एका बारीक रेषेत लिहिलेला असतो. थोडाफार ओरखडा सीडीच्या मूळ रचनेत सावरला जातो, या रेषेच्या दिशेने साधारण अडीच मिलिमीटरपर्यंत. त्यापुढे गेलं की ड्राइव्ह, म्हणजे कॉम्प्युटरचं सीडी वाचणारं यंत्र, अंदाजाने आवाज भरतो आणि गप्प पुढे जातो. स्क्रीनवर ‘पूर्ण झाले’ येतं. पुतण्याची काही चूक नाही, त्याला कॉम्प्युटरने काही कळवलंच नाही.

आम्ही ‘एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ वापरतो. हा प्रोग्रॅम प्रत्येक तुकडा किमान दोनदा वाचतो. दोन्ही वेळा सारखं आलं नाही तर सोळा-सोळा वेळा परत वाचतो, अगदी खराब जागी ८२ वेळांपर्यंत. चांगल्या सीडीला आमच्याकडे वीस मिनिटं लागतात. तुमच्या एका सीडीला पाच तास वीस मिनिटं लागली. हिंदी सिनेमांच्या सीडी झटपट झाल्या, कारण जगभर इतरांनी काढलेल्या कॉप्यांशी त्या ऑनलाइन ताडून बघता येतात. आपल्याकडच्या छोट्या कंपन्यांच्या भजन-अभंगांच्या सीडी त्या यादीत सापडल्या नाहीत. त्या मी दोन वेगळ्या ड्राइव्हवर काढल्या आणि एकमेकींशी ताडल्या. म्हणजे दुप्पट वेळ. मधे एक दिवस सकाळपासून लाईट नव्हती, त्यात अर्धवट झालेली सीडी पुन्हा पहिल्यापासून करावी लागली.

आणि राग मानू नका, पण सात सीडींच्या मधल्या भोकाशी पांढरं काहीतरी वाळलेलं होतं. टूथपेस्ट. घरी घासून आणल्यात ना? सांगणारे सांगतात, पण सीडी गोल-गोल घासली की ओरखडा रेषेच्याच दिशेने पडतो आणि तोच सगळ्यात वाईट. पुसायची तर मऊ कापडाने, मधून कडेकडे, सरळ. मी त्या सातही धुऊन, सुकवून मगच लावल्या. त्याचे पैसे लावले नाहीत आणि तेव्हा बोललोही नाही. वडीलधाऱ्या माणसाला काउंटरवर काय बोलायचं?

आता ती घरगुती कार्यक्रमाची सीडी, वर कागदाचं स्टिकर असलेली. त्यात कुणाचा आवाज आहे ते इथे जाहीर लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. ट्यूबलाईटसमोर धरली तर स्टिकरच्या कडेला टाचणीएवढे चार उजेडाचे ठिपके दिसत होते. म्हणजे वरचा चकाकीचा थर तिथे उडालाय. खालच्या बाजूला सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाड प्लास्टिक असतं, तिथला ओरखडा घासून जातो. वरच्या बाजूला थर फक्त लॅकरच्या, म्हणजे वार्निशसारख्या पातळ लेपाच्या, खाली असतो, तो गेला की गेला. स्टिकरमुळे ती सीडी जोरात फिरवली की थरथरत होती, म्हणून अगदी सावकाश, चारच्या स्पीडने, तिन्ही ड्राइव्हवर आलटून पालटून पाच दिवस वाचत होतो. दुसऱ्या भजनातले तीन सेकंद सोडले तर सगळं मिळालं. तुम्ही रोज रात्री आठला फोन करून “झालं का?” विचारत होतात, तेव्हा हीच सीडी चालू होती. ‘अजून नाही’ एवढंच म्हणालो, हे माझं चुकलं. नीट सांगायला हवं होतं. दोनदा फोन उचललाही नाही, त्याचीही माफी.

गाडीत आलाप मधेच थांबतो म्हणालात, तो मात्र ओरखडा नाही. मैफल एकसलग असली तरी सीडीवर तिचे ट्रॅक पाडलेले असतात, आणि एमपीथ्री करताना प्रत्येक फाइलच्या टोकांना किंचित शांतता चिकटते. तुम्हाला गाडीच्या सेटसाठी एमपीथ्रीच हवी होती. मैफलींच्या सीडींची प्रत्येकी एकच सलग फाइल करून देतो, पैसे नाहीत.

यापुढे सीडी घेतानाच उजेडात बघून वेळेचा अंदाज सांगू, आणि फोनचंही काहीतरी बघतो.

रिव्ह्यू काढा असं म्हणत नाही. हल्ली दिवसाला एखादंच गिऱ्हाईक येतं आणि येण्याआधी तेच वाचतं, म्हणून एवढं लिहिलं. पेनड्राइव्ह घेऊन या, संध्याकाळी पाचनंतर मी असतो. ती स्टिकरची सीडी तेवढी अजिबात पुसू नका आणि स्टिकर काढायला जाऊ नका, थर त्याच्याबरोबर निघून येईल. उन्हात ठेवू नका. सांगलीतल्या एका ओळखीच्यांकडे जुना चांगला ड्राइव्ह आहे, ते तीन सेकंद त्यावर एकदा बघायचे आहेत.