निदान चुकलं तरी डॉक्टरवर दावा करता येत नाही? हे खरं नाही

‘सुप्रीम कोर्टाच्या 2005 च्या निकालामुळे चुकीच्या निदानाबद्दल डॉक्टरविरुद्ध काहीच करता येत नाही’ असा मेसेज सध्या फिरतोय. तो वाचून कुणी हक्क सोडून देऊ नये, म्हणून हा खुलासा.

तो निकाल जेकब मॅथ्यू खटल्याचा. त्यात डॉक्टरवर फौजदारी गुन्हा लावण्यासाठी निष्काळजीपणा घोर स्वरूपाचा हवा, असं म्हटलं आहे. भरपाईचा मार्ग त्याने बंद केलेला नाही. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे 1995 पासून ठरलेलं आहे.

मात्र निदान चुकलं की भरपाई मिळालीच, असंही नाही. कॅन्सर किंवा क्षयासारखा आजार सुरुवातीला चांगल्या डॉक्टरलाही चकवू शकतो. कोर्ट पाहतं ते वेगळंच: त्या लक्षणांवर कुठलाही साधारण कुशल डॉक्टर जी तपासणी सांगेल, ती सांगितली का? स्तनातली गाठ महिनोन्‌महिने वाढत असताना बायोप्सी न सुचवता नुसत्या गोळ्या दिल्या, तर प्रश्न गंभीर होतो. शिवाय त्या उशिरामुळेच नुकसान झालं, हे रुग्णाला दाखवावं लागतं. हाच भाग सर्वांत अवघड, आणि त्यासाठी कागद लागतात. केसपेपर, रिपोर्ट लेखी मागा. 72 तासांत देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे.

ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत साधारण दोन वर्षं असते. असल्या मेसेजवर विसंबून ती हातची घालवू नका.