वाशीकरांच्या आक्षेपाला उत्तर : पिनकोड, हर्षद संख्या आणि दहाचा पाया

नमस्कार. पिनकोडांत हर्षद संख्या (म्हणजे स्वतःच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जाणाऱ्या संख्या) शोधणाऱ्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया रोखठोक आहे, आवडली. तुमचे आक्षेप तीन. पिनकोडातल्या अंकांची बेरीज करून त्याच बेरजेने त्याला भागत बसणं हा रिकामटेकडा उद्योग. संख्या लिहिण्याचा पाया दहाऐवजी आठ घेतला (दहाच्या नव्हे, आठाच्या गटांनी मोजलं) की ‘हर्षद’पणा उडून जातो, म्हणजे हे गणितच नव्हे. आणि हर्षद संख्यांची कल्पना मांडणारे कापरेकर मराठी नसते तर मी हा लेख लिहिलाच नसता.

पायाचा मुद्दा बिनतोड. बारा ही आपल्या पद्धतीत हर्षद संख्या: बेरीज तीन, भाग जातो. आठाच्या पायात तीच १४ अशी लिहायची, बेरीज पाच, भाग जात नाही. कुठल्याही पायात टिकणाऱ्या हर्षद संख्या चारच: १, २, ४, ६.

पण म्हणून त्यात गणित नाही? तुमच्या वाशीचा ४००७०३ घ्या. बेरीज १४. विषम संख्येला सम संख्येने भाग जाणार कसा! सानपाडा ४००७०५, कोपरखैरणे ४००७०९, तीच गत. पहिल्या पाच अंकांची बेरीज ११, त्यापुढे विषम अंक लागला की बेरीज सम होणारच. त्या दशकातल्या सगळ्या विषम संख्या भागाकार न करताच बाद. हर्षद संख्यांची सलग रांग फार लांबत नाही, त्याचं मूळ इथंच आहे. लागोपाठ २१ हर्षद संख्या असूच शकत नाहीत, २० असतात, आणि अशा रांगा अनंत आहेत, हे कूपर आणि केनेडी या गणितज्ञांनी १९९३ मध्ये सिद्ध केलं. पुढच्याच वर्षी ग्रंडमन यांनी दाखवलं की पाया कुठलाही घ्या, मर्यादा त्याच्या दुप्पट. म्हणजे तुमच्या आठाच्या पायात सोळा. संख्या बदलल्या, नियम तोच राहिला.

आणि पाया नकोच असेल तर अवयव पाडा. हर्षद निघालेला कळव्याचा ४००६०५ म्हणजे ३ × ५ × १७ × १५७१. यातल्या ३, ५, १७ या फर्मा या गणितज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या (दोनाच्या घातात एक मिळवून होणाऱ्या) मूळ संख्यांपैकी पहिल्या तीन. त्यांचा गुणाकार २५५, आणि २५५ बाजूंचा सुसम बहुभुज नुसत्या पट्टी-कंपासने काढता येतो (तत्त्वतः हो, वहीत नको). बाळकुमचा ४००६०८ पण हर्षदच, शिवाय त्याला ७२ विभाजक. तो स्वतः सोडून बाकीच्यांची बेरीज ८३७७२०, त्याच्या दुपटीहून जास्त. कळव्याची तशीच बेरीज २७८४९९ वरच अडकते.

राहिले कापरेकर. देवळालीच्या या शाळामास्तरांवर १९७५ मध्ये गणितावर लिहिणारे अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात लिहिलं, गार्डनर काही मराठी नव्हते. कापरेकरांचं माध्यमिक शिक्षण मात्र ठाण्यात झालं. तेवढं आम्हा ठाणेकरांना मिरवू द्या.