एक शब्द, एक अर्थ? मोडल्सच्या त्या तक्त्याबद्दल

परीक्षा जवळ आली की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक तक्ता हमखास फिरतो. डावीकडे इंग्रजी मोडल, म्हणजे मुख्य क्रियापदाआधी येऊन शक्यता, परवानगी, सक्ती असं काही सांगणारा सहायक शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. कॅन म्हणजे शकतो, कुड म्हणजे शकला, मे म्हणजे कदाचित, मस्ट म्हणजे पाहिजेच, शॅल फक्त आय आणि वी यांच्यासोबत. खाली ठळक अक्षरांत, 'एवढं पाठ करा, मोडल्स संपले. वेगळ्या सरावाची गरज नाही.' मराठी माध्यमाच्या आठवी-नववीच्या मुलांना मी इंग्रजी शिकवते. तक्ता तोंडपाठ असलेली मुलं नेमकी कुठे अडतात, ते मला रोज दिसतं.

'कॅन म्हणजे शकतो.' अर्धं खरं. पण 'मी सायकल चालवू शकतो' असं घरात कोण बोलतं? आपण म्हणतो, 'मला सायकल येते.' हे वाक्य इंग्रजीत लिही म्हटलं की मूल तक्त्यात 'येते' शोधतं, सापडत नाही, आणि वहीत 'सायकल कम्स टू मी' उमटतं. हसू नका, त्याने सांगितलं तसंच केलंय.

'मे म्हणजे कदाचित.' मग वर्गाच्या दारात उभं राहून रोज 'मे आय कम इन, टीचर?' म्हणतात, त्यात कदाचित कुठे आहे?

'कुड हा कॅनचा भूतकाळ.' सगळ्यात जास्त गुण हा दावा खातो. 'काल मी बस पकडू शकलो' याचं मुलं बिनदिक्कत 'यस्टरडे आय कुड कॅच द बस' करतात. व्याकरण वरवर ठीक दिसतं, पण इंग्रजी कानाला ते खटकतं. पूर्वी एखादी गोष्ट एरवीही जमायची, तर कुड: 'माय ग्रँडफादर कुड स्विम व्हेरी वेल.' एका ठरावीक प्रसंगी जमली, तर 'वॉज एबल टू', नाहीतर सरळ 'आय कॉट द बस'. गंमत म्हणजे नकारात ही अट सुटते, 'आय कुडन्ट कॅच द बस' एकदम बरोबर. आणि 'कुड यू ओपन द विंडो?' यात तर भूतकाळाचा लवलेश नाही, खिडकी आत्ताच उघडायची आहे. इंग्रजी माणूस अदब दाखवायला भूतकाळाचं रूप घेतो. आपण त्यासाठी भविष्यकाळात जातो, 'जरा सरकाल का?' ही जोडी मुलांसमोर ठेवली की कुड आणि वुड यांची निम्मी भीती जाते. तक्त्यात ती मावणार कशी?

'मस्ट म्हणजे पाहिजेच.' 'ही मस्ट बी टायर्ड' याचं भाषांतर एका मुलीने 'त्याने दमलंच पाहिजे' असं केलं होतं. खरा अर्थ 'तो दमला असणार', म्हणजे अंदाज. नकारात तर खड्डाच आहे. 'उद्या यायचं नाही' हे आपल्याकडे सुट्टी जाहीर करतानाही म्हणतात आणि दटावतानाही. इंग्रजीत सुट्टीला 'यू डोन्ट हॅव टू कम', मनाईला 'यू मस्ट नॉट कम'. अदलाबदल झाली की सुट्टीची शिक्षा होते.

'शॅल फक्त आय-वीसोबत.' हा नियम 1653 मध्ये जॉन वॉलिस या गणितज्ञाने लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणापासून चालत आलेला आहे. तो घोकणाऱ्यांनी आपल्या संविधानाचं पहिलं कलम इंग्रजीत वाचावं: 'इंडिया, दॅट इज भारत, शॅल बी अ युनियन ऑफ स्टेट्स.' यात ना आय, ना वी. कायद्याच्या भाषेत शॅल असा सर्रास येतो. रोजच्या बोलण्यात त्याची मुख्य जागा 'उघडू का?', 'जाऊ या का?' अशा प्रश्नांत उरली आहे, आणि तिथे आपलं 'ऊ का' त्याला चपखल बसतं.

राहता राहिला सराव. 'जाऊ शकेन' याचं 'विल कॅन गो' न होता 'विल बी एबल टू गो' व्हायला हवं, कारण दोन मोडल्स शेजारी बसत नाहीत. हे पाठांतराने येत नाही, वीस वेळा तोंडातून जावं लागतं.

मला खरी चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. हीच मुलं मराठीच्या तासाला विध्यर्थ शिकतात. 'मुलांनी मोठ्यांचं ऐकावं' यात कर्तव्य, 'आता पाऊस थांबावा' यात इच्छा, 'गावं तर तिनेच' यात योग्यता. एकाच रूपाचे इतके अर्थ ती न अडखळता सांगतात. पुढच्या तासाला त्यांनाच 'एक शब्द, एक अर्थ' शिकवायचं! बारावीच्या पेपरातही 'सक्ती दाखवणारं मोडल वापरून वाक्य पुन्हा लिहा' अशा धर्तीचे प्रश्न असतात, म्हणजे विचारतात ते काम, मराठी प्रतिशब्द नाही.

म्हणून मी रिकामी जागा एकच देते आणि बोलणारा बदलते. 'यू ... गो नाऊ.' आधी तपासणी संपवलेले डॉक्टर, मग दारात रिक्षा उभी असताना घाई करणारी आई, मग पाहुण्याला हळूच सुचवणारा मित्र. कॅन, मस्ट, शुड, मे, सगळी येऊन जातात. पहिल्या दिवशी मुलं वैतागतात, बरोबर उत्तर कोणतं ते सांगा म्हणतात. आठवडाभराने वाक्य फळ्यावर पुरतं लिहून व्हायच्या आत मागच्या बाकावरून आवाज येतो, 'टीचर, पण बोलतंय कोण?'