नाक कुणाचं दाबताय ते तरी बघा

आमच्या गल्लीच्या ग्रुपवर परवापासून एक मेसेज फिरालाय. म्हणे "हुकूमशहाशी बोलणी म्हणजे लाचारी, नाक दाबलं की तोंड उघडतं, दक्षिण आफ्रिकेवर निर्बंध घातले आणि वर्णभेद संपला, लोक उपाशी राहिले की स्वतःच राजाला खाली खेचतात, म्हणून भारतानं म्यानमारशी व्यापार बंद करावा". चार जणांनी त्याला अंगठ्याचं लाइक दिलं, म्हटलं आपण बोलू.

आधी दक्षिण आफ्रिका. भारतानं तिथला व्यापार १९४६ लाच बंद केला होता, म्हणजे वर्णभेद हे सरकारी धोरण व्हायच्याही आधी, आणि मंडेला सुटले १९९० ला. मोजा की वर्षं. खरा दणका बसला १९८५ ला, चेस मॅनहॅटन या अमेरिकन बँकेनं तिथलं कर्ज पुढं ढकलायला नकार दिला तेव्हा, मग १९८६ ला अमेरिकन काँग्रेसनं अध्यक्ष रेगनचा नकाराधिकार मोडून निर्बंधांचा कायदा केला. पण त्याच काळात काळ्या लोकांच्या वस्त्या पेटलेल्या, १९८७ ला खाणकामगारांचा मोठा संप, आणि मंडेला जेलमधूनच सरकारशी बोलत होते! म्हणजे तुमच्याच उदाहरणात बोलणी आहेत की. शिवाय बहिष्कार घाला असं मंडेलांच्याच पक्षाचे, आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे नेते ल्युथुली १९५९ लाच सांगत होते, बाहेरच्यानं परस्पर ठरवलं नव्हतं. सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको, १९३० चा मार्शल लॉ आणि चार हुतात्मे आपल्याकडचेच, परदेशी कापडावर बहिष्कार घालणारेही आपलेच लोक होते.

आता उपाशी लोकांचं. हे वाचून खरं सांगतो डोकं फिरलं. इराकवर १९९० ला निर्बंध आले, सद्दामनं लगेच रेशन सुरू केलं, आणि मग काय, पीठ, तांदूळ, तेल, साखर सगळं सरकारच्या हातात, जो माणूस महिन्याच्या पिठासाठी सरकारी यादीत नाव टिकवून आहे तो मोर्चात जाईल का? रेशनच्या लाईनीत उभं राहिलेल्याला विचारा, दुकानदाराशी सुद्धा कुणी भांडत नाही. पोरं औषधावाचून हाल काढत होती, सद्दाम महाल बांधत होता. तेरा वर्षं टिकला, गेला तो २००३ च्या युद्धानं. क्यूबावर अमेरिकेची बंदी १९६२ पासून, कॅस्ट्रोनं २००८ ला पद सोडलं ते तब्येतीमुळं. नाक गरिबाचं दाबलं, तोंड राजाचं कसं उघडणार बे?

बोलणी म्हणजे लाचारी, हे पण अर्धवट. १९७५ ला हेलसिंकीत सोव्हिएत गटानं मानवी हक्कांच्या कागदावर सही केली, आणि दोन वर्षांत त्याच गटातल्या चेकोस्लोव्हाकियातल्या लोकांनी चार्टर ७७ नावाचं जाहीर निवेदन काढून तोच कागद आपल्या सरकारपुढं धरला. पण नुसत्या गोड बोलण्यानं होतं असंही मी म्हणत नाही हां, चीनशी इतका व्यापार करून काय झालं बघितलंच सगळ्यांनी.

राहिला म्यानमार. तिथं २०१२ ला निर्बंध सैल केले, २०१५ ला निवडणूक झाली, २०२१ ला लष्करानं परत सत्ता घेतली, हा मुद्दा तुमच्या बाजूचा, मान्य. पण सगळा व्यापार बंद केला तर सीमेवरचा किराणा आणि औषधं थांबतील. लष्कराला मोठा पैसा येतो गॅसमधून, युरोपनं २०२२ ला तिथल्या सरकारी तेल-गॅस कंपनीवरच निर्बंध घातले. मागायचंच तर असलं काहीतरी मागा, मग मी पण अंगठ्याचं लाइक देतो.