पानात कसं टाकावं?

'खाऊन माजावं, टाकून माजू नये,' असं आजी म्हणायची. तिच्याकडे फ्रीज नव्हता. तिला काय कळणार!

उरलेली वाटीभर आमटी थेट सिंकमध्ये ओतायला जीव होत नाही ना? मग ओतूच नका. वाटीवर झाकण ठेवा आणि फ्रीजच्या मागच्या कप्प्यात, लोणच्याच्या बरणीआड सरकवून द्या. चौथ्या दिवशी वास घ्या, नाक मुरडा आणि 'अगंबाई, खराब झाली' असं मोठ्यानं म्हणा. बघा, तुम्ही टाकली नाहीत, तीच खराब झाली! कोथिंबीर स्वस्त मिळाली तर दोन जुड्या आणा. एक वापरायला, एक पिशवीत काळी पडायला.

शिळ्या पोळीचा कुस्करा आणि रात्रीच्या भाताला फोडणी देणाऱ्यांपासून मात्र लांब राहा. ही चिकट माणसं कुकर लावण्याआधी 'आज जेवायला किती जण?' असं विचारतात, आणि भाजी आणायला निघताना आधी फ्रीज उघडून बघतात. अशांमुळेच आपला आकडा वाढत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतातल्या घरांत वाया जाणाऱ्या अन्नाचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो दिलाय. २०२२ मध्ये जगभर वाया गेलेल्या १०५ कोटी टनांपैकी ६० टक्के घराघरांतूनच गेलं म्हणे. तेव्हा 'हॉटेलवालेच नासाडी करतात' असं म्हणून उगाच दुसऱ्याला श्रेय देऊ नका.

घरी हात बसला की लग्नाला जा. बुफेत 'आधी थोडं घेऊ, आवडलं तर परत येऊ' हा दळभद्री विचार करायचा नाही. परत रांगेत कोण उभं राहणार? मसालेभातावर नूडल्स, नूडल्सवर जिलेबी, आणि तिच्याखालून वाट काढत निघालेला मठ्ठा. एवढं जमलं की त्यातलं काहीच खाण्याजोगं राहत नाही, मग टाकताना मनाला लागत नाही. पाच वर्षांच्या पोराच्या हातातही मोठ्यांचंच ताट द्या. चार गुलाबजाम मागतोय? चार वाढा. लग्न काय रोज असतं?

यजमान असाल तर पाचशे पाहुण्यांसाठी सातशे ताटं सांगा. 'जेवण कमी पडलं' हे विहीणबाई नातवंडांच्या मुंजीपर्यंत ऐकवतील. पातेलंभर भात कुठे गेला, हे कुणी विचारत नाही. उरलेलं नेणाऱ्या संस्थेचा नंबर आधी घेऊन ठेवू नका. रात्री साडेअकराला, भाजी आंबल्यावर शोधा. त्यांनी नाही म्हटलं की 'आजकाल कुणाला अन्नाची किंमतच नाही' असं म्हणायला आपण मोकळे.

परवाच्या एका लग्नात हॉलच्या भिंतीवर 'अन्न हे पूर्णब्रह्म' अशी सोनेरी पाटी होती आणि नेमकं तिच्याखाली खरकट्याचं निळं पिंप. (जागेची टंचाई, दुसरं काय.) ताटं निपटणाऱ्या मावशींच्या हाती एक अख्खी जिलेबी आली. तिला दातही लागलेला नव्हता. त्यांनी ती क्षणभर चिमटीत धरली, माझ्याकडे पाहिलं आणि पिंपात सोडली.

अशा वेळी गडबडून जाऊ नये. बडीशेप कुठे ठेवलीय, असं विचारावं. मी तेच विचारलं. त्यांनी बोटानं दाखवलं, आइस्क्रीमच्या शेजारी.